पितळी पाटीवरचा धनादेश : खानापूर तालुक्यातील एका शाळेच्या देणगीचे प्रकरण

धनादेश कागदावरच लिहिला पाहिजे असे कायद्यात कुठे आहे, हा प्रश्न बहुधा गंमत म्हणून विचारला जातो. बेळगाव जिल्ह्यातील एका शाळेपुढे मात्र तो दोन लाख एक्कावन्न हजार रुपयांच्या देणगीच्या रूपाने उभा राहिला. शाळा, बँक आणि संबंधित व्यक्ती यांची नावे येथे दिलेली नाहीत. संस्थेच्या विनंतीवरून कागदपत्रे पाहून सल्ला देण्यापुरता माझा या प्रकरणाशी संबंध आला.

पार्श्वभूमी

खानापूर तालुक्यातील एका गावात मराठी माध्यमाची जुनी शाळा आहे. ती चालवणारी संस्था १९६० च्या कर्नाटक संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली असून देणगीदारांना १९६१ च्या आयकर कायद्याच्या ८०जी कलमाची करसवलत मिळावी यासाठीची मान्यताही तिच्याकडे होती. शाळेचा अमृतमहोत्सव जानेवारीत झाला. दोन वर्गखोल्यांची कौले आणि वासे बदलणे हे त्या वर्षाचे मोठे काम होते, आणि खानापूरचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना ते मृगाच्या आत होणे का आवश्यक होते हे सांगावे लागणार नाही.

देणगीदार शाळेचे माजी विद्यार्थी. बेळगावच्या उद्यमबागेत त्यांचे मशीन शॉप आहे आणि गावात सर्वजण त्यांना अण्णा म्हणतात. अण्णांनी समारंभात जी देणगी दिली ती होती सुमारे दीड फूट लांबीची पितळी पाटी. तिच्यावर सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या, यंत्राने कोरलेला मजकूर धनादेशाचाच होता : तारीख, संस्थेचे पूर्ण नाव, अक्षरी आणि अंकी रक्कम, बँकेचे व शाखेचे नाव, खाते क्रमांक, आयएफएस कोड आणि खाली अण्णांची सही. अण्णांनी कागदावर केलेली सही यंत्रात घेऊन ती जशीच्या तशी कोरली होती. सर्व मजकूर मराठीत होता.

यामागचा त्यांचा विचार प्रामाणिक होता. याच तालुक्यातील हलशी येथे कदंब राजांचे ताम्रपट सापडले. दीड हजार वर्षांपूर्वीची दाने आज वाचता येतात ती त्या पत्र्यांमुळे. आपण धातूत काम करणारे, तेव्हा आपले दानही धातूवरच असावे, असे अण्णांना वाटले. धनादेश कागदावरच हवा असे कायदा म्हणत नाही, हे त्यांनी कुठेतरी वाचले होते. त्यामुळे ही पाटी म्हणजेच धनादेश आहे, शोभेची प्रतिकृती नव्हे, असा त्यांचा पक्का समज होता.

अडचण

संस्थेच्या मंडळींचा समज याच्या नेमका उलट होता. समारंभात मोठ्या पुठ्ठ्याचा धनादेश हाती देण्याची पद्धत सर्वत्र आहे; खरा धनादेश मागाहून येतो. संस्थेचे सचिव, निवृत्त गुरुजी, त्या खऱ्या धनादेशाची वाट पाहत राहिले आणि अण्णा आपल्या खात्यातून रक्कम कधी वळती होते याची वाट पाहत राहिले. पैशाची आठवण करणे गुरुजींना संकोचाचे वाटले, आणि दिलेले दान अजून का वटवले नाही असे विचारणे अण्णांना अशोभनीय वाटले. या परस्परांच्या भिडेत फेब्रुवारी निघून गेला. दरम्यान जाहीर झालेल्या देणगीच्या भरवशावर संस्थेने छपराचे काम ठेकेदाराला दिले आणि मुदतठेव मोडून त्याला आगाऊ रक्कमही दिली.

मार्चमध्ये अण्णांच्या मुलाने ८०जी साठी पावती मागितली, तेव्हा खरा प्रकार उघड झाला. गुरुजी कापडात गुंडाळलेली पाटी घेऊन अण्णांच्या बँकेच्या शाखेत गेले. काउंटरवरील अधिकाऱ्याने ती स्वीकारली नाही आणि नकाराचे लेखी कारणही दिले नाही. बोलण्याच्या ओघात त्याने मजकूर मराठीत असल्याचाही उल्लेख केला. आर्थिक वर्ष संपायला तीन आठवड्यांहून कमी दिवस उरले होते, धनादेश वटवण्याची, पाटीवरील तारखेपासूनची तीन महिन्यांची मुदत एप्रिलमध्ये संपत होती आणि ठेकेदाराचा दुसरा हप्ता तोंडावर आला होता.

कायदा काय म्हणतो

पराक्रम्य संलेख अधिनियम, १८८१ (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट) याच्या ६ व्या कलमानुसार धनादेश हा विशिष्ट बँकेवर काढलेला आणि मागताक्षणी देय असलेला विनिमयपत्राचा प्रकार आहे. विनिमयपत्राची व्याख्या ५ व्या कलमात आहे : लेखी संलेख, विनाशर्त आदेश, काढणाऱ्याची सही, निश्चित रक्कम, निश्चित व्यक्ती. या यादीत कागदाचे नाव नाही. ‘लेखन’ या शब्दात छपाई, शिळाछाप, छायाचित्रण आणि शब्द दृश्य रूपात मांडण्याच्या इतर रीती येतात, असे १८९७ चा सामान्य परिभाषा अधिनियम सांगतो. तोच कायदा कोणत्याही पदार्थावर अक्षरांनी, अंकांनी किंवा खुणांनी नोंदवलेल्या मजकुराला दस्तऐवज मानतो. धातूच्या पत्र्यावरील किंवा दगडावरील कोरीव लेख हा दस्तऐवज होय, हे उदाहरण १८७२ च्या पुरावा कायद्यात होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते आहे. इतकेच नव्हे, १८८१ च्या कायद्याने पहिल्याच कलमात देशी भाषांतील संलेखांविषयीचे स्थानिक रिवाज, म्हणजे मुख्यतः हुंडीचा व्यवहार, अबाधित ठेवले. बँकेने छापून दिलेला फॉर्म ही त्या कायद्याची मूळ अट कधीच नव्हती.

म्हणजे पाटी बेकायदा नव्हती. अण्णांचे वाचन चुकीचे नव्हते, आणि हे मी येथे मुद्दाम नोंदवतो, कारण नंतरच्या चर्चेत त्यांना उगाचच अडाणी ठरवले गेले. मात्र एखादी गोष्ट बेकायदा नसणे आणि बँकेवर ती स्वीकारण्याचे बंधन असणे यांत मोठे अंतर आहे.

त्याच कायद्याचे ३१ वे कलम म्हणते की खात्यात पुरेशी रक्कम असताना आणि रीतसर मागणी झाल्यावर बँकेने धनादेशाचे पैसे दिलेच पाहिजेत. न दिल्यास भरपाई खातेदाराला द्यावी लागते. येथे दोन बाबी महत्त्वाच्या आहेत. पहिली, हे दायित्व खातेदाराप्रती आहे, धनादेश हाती असलेल्या संस्थेप्रती नाही. म्हणून गुरुजींना बँकेविरुद्ध या कलमाचा आधार नव्हता. दुसरी, ‘रीतसर’ म्हणजे काय हे बँक आणि खातेदार यांच्या करारावरून ठरते, आणि बँकेने दिलेल्या चेकबुकातील पानावरच धनादेश काढावा ही अट खाते उघडतानाच्या नियमांत सामान्यतः असते. अण्णांच्या खात्याच्या नियमांतही ती होती.

शिवाय आजचा धनादेश क्लिअरिंगमध्ये, म्हणजे बँकांमधील धनादेशांच्या देवघेवीत, कागद म्हणून फिरत नाही. तो जमा करणाऱ्या बँकेतच राहतो आणि त्याची प्रतिमा पुढे जाते. त्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या सीटीएस-२०१० मानकाप्रमाणे जलचिन्हाचा कागद, अतिनील प्रकाशात दिसणारे बँकेचे चिन्ह आणि छायाप्रत काढल्यास उमटणारी खूण लागते. तळाच्या पट्टीवर यंत्राने वाचता येणारे अंक असतात, त्यांत सहा आकडी धनादेश क्रमांक आणि नऊ आकडी शहर-बँक-शाखा संकेतांक येतो. या मानकाचे नसलेले धनादेश २०१९ च्या आरंभापासून या क्लिअरिंगमध्ये घेतले जात नाहीत. पितळी पाटी स्कॅनरमध्ये जाऊ शकत नाही ही त्यातली सर्वांत किरकोळ अडचण. तिला धनादेश क्रमांक नव्हता, ही खरी अडचण. क्रमांक नसेल तर खातेदाराला त्या धनादेशाचे पैसे थांबवण्याची सूचना नेमकेपणाने देता येत नाही, आणि पन्नास हजार रुपये व त्यावरील धनादेशांसाठी १ जानेवारी २०२१ पासून आलेल्या पॉझिटिव्ह पे व्यवस्थेत, म्हणजे धनादेशाचा तपशील खातेदाराने बँकेला आधीच कळवण्याच्या सोयीत, तो तपशीलही नोंदवता येत नाही.

सहीचा प्रश्न याहून नाजूक होता. यंत्राने कोरलेली सही ही अण्णांच्याच इच्छेने केलेली असली तरी ती त्यांच्या हाताची नव्हती. त्याच यंत्रावर कामगाराने तीच सही दुसऱ्या पाटीवर कोरली असती तर दोन्हींत तसूभर फरक दिसला नसता. नमुना सहीशी ताडून पाहण्याचा सारा अर्थ तेथे संपतो, आणि अशा संलेखावर पैसे देणाऱ्या बँकेला आपण सद्भावनेने व निष्काळजीपणा न करता पैसे दिले असे म्हणणे अवघड जाते.

ताम्रपटाच्या तुलनेबद्दलही येथेच सांगितले पाहिजे. ताम्रपट हा झालेल्या दानाचा पुरावा असतो; तो जितका टिकेल तितका चांगला. धनादेश हा पैसे देण्याचा आदेश असून एकदा पैसे दिले की त्याचे काम संपते आणि तो रद्द होऊन बँकेच्या दप्तरी जातो. जे संपायला हवे ते न संपणाऱ्या धातूवर कोरले गेले, हा या प्रकरणातील मूळ गुंता होता.

विचारात घेतलेले पर्याय

कार्यकारी मंडळाच्या बैठकीत पहिल्यांदा जोरात मांडला गेला तो भाषेचा मुद्दा. मजकूर मराठीत होता म्हणून पाटी नाकारली, तेव्हा निवेदन द्यावे, आवाज उठवावा, असे दोन-तीन सदस्यांचे म्हणणे पडले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून या भागात जे घडत आले आहे ते पाहता ही प्रतिक्रिया समजण्यासारखी होती. परंतु धनादेशाचे फॉर्म हिंदी व इंग्रजीत छापावेत आणि ग्राहकाने हिंदी, इंग्रजी किंवा संबंधित प्रादेशिक भाषेत लिहावे, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. कर्नाटकातील शाखेत मराठी ‘संबंधित’ ठरते की नाही हा वाद घालता येईल. पण तोच मजकूर कन्नडमध्ये कोरला असता तरी पाटी वटली नसती. ज्या नकाराला दुसरी भक्कम कारणे आहेत त्यावर भाषेचा प्रश्न उभा केला तर तो प्रश्नही दुबळा होतो आणि शाळेचे पैसेही अडकतात. खजिनदारांनी हे शांतपणे मांडले आणि मंडळाने ते मान्य केले. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील हा सर्वांत शहाणा निर्णय होता, कारण तो घेताना बैठकीतील वातावरण मुळीच अनुकूल नव्हते.

दुसरा पर्याय बँकेशी भांडण्याचा होता. एका सदस्याच्या भाच्याने गाईच्या अंगावर लिहिलेला धनादेश न्यायालयाने वैध ठरवल्याची इंग्लंडमधील हकीकत शोधून आणली होती. ती हकीकत विनोदी लेखनातील काल्पनिक खटल्याची आहे. तिचा दाखला कोठेही देता येत नाही. बँकांविरुद्धच्या तक्रारींसाठी असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेचा मार्ग उपलब्ध होता. मात्र आधी बँकेकडे तक्रार करून उत्तरासाठी ३० दिवस थांबावे लागते, आणि तोवर ३१ मार्च उलटून गेला असता.

तिसरा पर्याय अण्णांना १८८१ च्या कायद्याच्या १३८ व्या, न वटलेल्या धनादेशाविषयीच्या कलमाखाली नोटीस देण्याचा. तो सुचवणाऱ्यांना त्याचे गांभीर्य माहीत नव्हते. ते कलम फौजदारी आहे आणि खात्यात रक्कम अपुरी पडल्याने किंवा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेल्याने धनादेश परत आला तरच लागू होते. शिवाय धनादेश कायद्याने वसूल करता येणाऱ्या देण्यापोटी दिलेला असावा लागतो. येथे खात्यात रक्कम होती आणि दिलेली होती ती देणगी. एका उदार माणसाला गुन्हेगाराच्या भाषेत पत्र लिहिण्याचा विचारसुद्धा मंडळाने इतिवृत्तात येऊ दिला नाही, हे योग्यच झाले.

चौथा पर्याय दिवाणी दाव्याचा होता, आणि कायद्याच्या दृष्टीने तोच सर्वांत विचार करण्याजोगा होता. मोबदल्याशिवायचे वचन सामान्यतः बंधनकारक नसते. १८८१ च्या कायद्याचे ४३ वे कलमही मोबदल्याशिवायच्या संलेखाने मूळ पक्षांत देणे निर्माण होत नाही असे सांगते. तरीही १८८६ च्या केदारनाथ विरुद्ध गोरी महंमद या कलकत्त्याच्या खटल्यात, हावडा टाउन हॉलसाठी शंभर रुपयांची वर्गणी कबूल करणाऱ्याला ती द्यावी लागली, कारण त्या वर्गणीच्या भरवशावर ठेकेदाराशी करार झालेला होता. उलट १९१४ च्या अब्दुल अझीझ विरुद्ध मासूम अली या अलाहाबादच्या खटल्यात मशिदीच्या दुरुस्तीसाठी कबूल केलेले पाचशे रुपये वसूल होऊ शकले नाहीत, कारण त्या वचनावर विसंबून काहीच काम झाले नव्हते. आपल्या शाळेने ठेकेदाराला काम दिलेले असल्याने ती पहिल्या खटल्याच्या बाजूला होती. पण अण्णा देणगी नाकारतच नव्हते. नकार नसताना दावा कशाचा लावायचा?

उरला तो पाचवा पर्याय : गुरुजींनी अण्णांशी प्रत्यक्ष बोलावे आणि रक्कम साध्या बँकमार्गाने घ्यावी. हा पर्याय शेवटी सुचावा याचे कारण संकोच, दुसरे काही नाही.

केलेली कार्यवाही

तत्पूर्वी एक निर्णय तातडीने घ्यावा लागला. अण्णांच्या मुलाच्या हिशेबनिसाचे म्हणणे होते की पाटी जानेवारीत दिली, तेव्हा पावती जानेवारीचीच द्यावी. त्यासाठी त्याने ओगले काच कारखान्याच्या १९५४ च्या निकालाचा आधार सांगितला. धनादेश वटला तर पैसे धनादेश मिळाल्याच्या दिवशीच मिळाले असे धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले आहे. आधार खरा होता, पण त्यातील ‘वटला तर’ ही अट येथे पूर्ण होत नव्हती. रक्कम हाती आलेली नसताना पावती दिली असती तर संस्थेची ८०जी मान्यताच धोक्यात आली असती. खजिनदारांनी पावती देण्यास नम्रपणे नकार दिला आणि नकाराचे कारण पत्राने कळवले.

नंतर गुरुजी आणि खजिनदार उद्यमबागेत अण्णांना भेटले. ‘‘अण्णा, तुमचं दान आम्ही डोक्यावर घेतलंय, पण बँकेच्या मशीनला पितळ वाचता येत नाही,’’ एवढ्या शब्दांत गुरुजींनी विषय काढला. अण्णा दुखावले गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. आपल्या कामाची पाटी काउंटरवरून परत पाठवली गेली हे त्यांना लागले होते. कोरलेल्या सहीचा मुद्दा मात्र त्यांना लगेच पटला, कारण यंत्र काय करू शकते हे त्यांच्याइतके दुसरे कोण जाणणार?

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे अण्णांना शाखेत जाणे कठीण होते, तरी ते स्वतः गेले. शाखाधिकारी धारवाडकडचे, कन्नडभाषक. त्यांनी अण्णांना आपल्या खोलीत बसवले, पाटी आदराने पाहिली आणि अडचण समजावून सांगितली. काउंटरवर भाषेचा उल्लेख झाला तो गैरलागू होता, असेही त्यांनी आपणहून स्पष्ट केले. खातेदाराने समक्ष सही करून लेखी सूचना दिली तर ती पुरेशी आहे, असे ठरले. रक्कम दोन लाखांहून अधिक असल्याने ती आरटीजीएसने, म्हणजे मोठ्या रकमा एका बँकेतून दुसरीत थेट पाठवण्याच्या व्यवस्थेने, त्याच दिवशी संस्थेच्या खात्यात जमा झाली.

निष्पत्ती

पावती रक्कम जमा झाल्याच्या तारखेची दिली गेली. ती ३१ मार्चच्या आतली असल्याने अण्णांना त्या वर्षाची सवलत मिळाली, आणि छपराचे काम पावसाआधी पूर्ण झाले.

पाटीचे काय करायचे हा प्रश्न मागे राहिला, आणि मला तो रकमेइतकाच महत्त्वाचा वाटतो. समारंभातील पाटीची छायाचित्रे व्हॉट्सअॅपवर गावभर फिरली होती. त्यांत खाते क्रमांक, आयएफएस कोड आणि हुबेहूब सही स्पष्ट दिसत होती. अण्णांनी शाखाधिकाऱ्यांच्या सल्ल्याने बँकेतील नमुना सही बदलली. पाटी स्वतःच्या मशीन शॉपमध्ये परत नेऊन त्यांनी खाते क्रमांक आणि सही घासून काढली, मजकुरावर आडवी रेघ मारून ‘रक्कम अदा’ असे कोरले आणि आरटीजीएसची तारीख घातली. त्यामुळे पुढे कोणा वारसाने किंवा पदाधिकाऱ्याने ती पाटी दाखवून पुन्हा मागणी करण्याची शक्यता उरली नाही. पाटी शाळेच्या सभागृहात लावलेली आहे.

वेगळे काय करता आले असते

समारंभाच्या दुसऱ्याच दिवशी संस्थेने अण्णांना आभाराचे पत्र पाठवून त्यात बँक तपशील आणि अपेक्षित जमा तारीख लिहिली असती तर दोन महिन्यांचा गैरसमज झालाच नसता. अशा पत्राने उदारपणाचा अपमान होत नाही. आपले दान कोठे पोचले हे कळणे हा देणगीदाराचा हक्कच आहे.

ठेकेदाराला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी देणगी खात्यात आली आहे की नाही हे पाहायला हवे होते. पावसाची घाई खरी होती, तरी मुदतठेव मोडण्याचा निर्णय केवळ जाहीर घोषणेवर घेतला गेला. या काळात अण्णांचे काही बरेवाईट झाले असते, तर मृत्यूची खबर मिळताच बँकेचा त्यांच्या धनादेशावर पैसे देण्याचा अधिकार संपला असता आणि शाळेला वारसांशी त्या कलकत्त्याच्या खटल्याच्या आधाराने वाद घालावा लागला असता.

बँकेच्या बाजूने पहिल्या भेटीतच नकाराचे कारण लिहून दिले जायला हवे होते. लेखी कारण मिळाले असते तर भाषेविषयीचा संशय वाढलाच नसता. सीमाभागातील शाखांमध्ये ही काळजी अधिकच घ्यावी लागते. तेथे तोंडी बोललेला एक अनावश्यक शब्द गावात पोचेपर्यंत वेगळेच रूप घेतो.

आणि धातूवर, कापडावर किंवा मातीच्या फलकावर दान नोंदवण्याची इच्छा असणाऱ्यांनी ती जरूर पुरी करावी. रक्कम आधी चेकबुकातील पानाने किंवा आरटीजीएसने जमा करावी, आणि मग फलकावर देणगीदाराचे नाव, रक्कम, कारण व जमा तारीख एवढेच कोरावे. खाते क्रमांक आणि सही यांना अशा फलकावर जागा देऊ नये. याच संस्थेने आता देणगीच्या अर्जात तशी सूचना छापून घेतली आहे, आणि फलकाचा मजकूर कोरण्याआधी खजिनदारांना दाखवावा ही ओळही त्यात घातली आहे.